सह्याद्रीत रेस्क्यूसाठी सेंट बर्नार्ड घ्यावा का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. घोडबंदर रोडला राहणारे आणि सुट्टीच्या दिवशी सह्याद्रीत भटकणारे एक गृहस्थ सेंट बर्नार्डचं पिल्लू घ्यायच्या विचारात आहेत. इर्शाळवाडीच्या बातम्यांत श्वानपथक पाहिल्यापासून त्यांच्या मनात आहे की आपलाही कुत्रा डोंगरात हरवलेल्यांना शोधायला तयार करावा. आल्प्समध्ये हे कित्येक पिढ्या चाललंय, मग आपल्याकडे का नाही? आणि सेंट बर्नार्ड नको असेल तर कुठली जात घ्यावी?

मी पूर्वी श्वानपथकात हँडलर होतो. आता ऐरोलीत लोकांचे कुत्रे शिकवतो आणि शोधकामाचा सराव घेतो, म्हणून उत्तर जरा लांबेल.

सेंट बर्नार्डपुरतं उत्तर एका ओळीचं आहे: ठाण्यात नको. पण एवढंच सांगून थांबलो तर तुम्ही दुसऱ्या जातीचं पिल्लू आणाल आणि पुढच्या पावसाळ्यात तितकेच अडकाल. आधी ठरवायला हवं की डोंगरात माणूस सापडत नसताना कुत्र्याला नेमकं काम काय द्यायचं. ते ठरलं की जात, वय, शिकवण्याची पद्धत हे सगळं मागोमाग येतं. आल्प्समध्येही ते याच क्रमाने आलं, म्हणून आधी तिकडचा इतिहास सांगतो.

ग्रेट सेंट बर्नार्ड ही स्वित्झर्लंड आणि इटली यांच्यामधली खिंड, उंची २,४६९ मीटर. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. अकराव्या शतकात तिथे वाटसरूंसाठी मठ आणि धर्मशाळा उभी राहिली. कुत्रे आले ते फार नंतर. सतराव्या शतकाच्या अखेरीस ते तिथे होते हे जुन्या चित्रावरून कळतं, आणि त्यांचं पहिलं काम साधी राखणदारी. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला तर मठाच्या स्वयंपाकघरात मांस भाजायची सळई फिरवणारं चाक एका कुत्र्याकडून फिरवून घेत. जन्मजात जीवरक्षक म्हणून आपण ज्यांचं कौतुक करतो, त्यांचे पूर्वज ही असली कामं करत होते.

अठराव्या शतकाच्या मध्यापासून मठाचे वाटाडे त्यांना सोबत नेऊ लागले आणि चित्र बदललं. धुक्यात, ताज्या बर्फात वाटसरूंना खिंडीतून पार करून देणं हे या वाटाड्यांचं रोजचं काम. कुत्रा पुढे चालायचा, बर्फाखाली गेलेली वाट पायांनी आणि नाकाने धरायचा, आणि कोणी गाडला गेला असेल तर तिथे थांबून उकरायचा. पिल्लं मोठ्या कुत्र्यांबरोबर चालून शिकत. वेगळी शाळा नव्हती; रोज तीच वाट, तेच वाटाडे, तेच काम. इतर मोठ्या कुत्र्यांत नसलेलं काही यांच्या रक्तात होतं असं मला वाटत नाही. सरावाची संधी मात्र त्यांच्याइतकी कुणालाच मिळाली नसेल.

सगळ्यांना माहीत असलेला बॅरी याच मठातला. जन्म १८००, मृत्यू १८१४. चाळीसहून अधिक माणसं वाचवल्याचं श्रेय त्याला देतात. एक्केचाळिसाव्या माणसाने त्याला लांडगा समजून मारलं ही गोष्ट खोटी आहे. म्हातारपणी, १८१२ मध्ये, त्याला बर्न शहरात नेलं आणि तो तिथेच वारला. तिथल्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयात त्याला जतन करून ठेवलंय. तुमच्या प्रश्नाशी थेट संबंध आहे तो त्याच्या आकाराचा. बॅरीचं वजन साधारण ४० ते ४५ किलो असावं, म्हणजे तगड्या जर्मन शेफर्डपेक्षा थोडंच जास्त. आज बाजारात मिळणारा सेंट बर्नार्ड ७०-८० किलोंच्या घरात जातो.

हा फरक पडला कसा? १८१६ ते १८१८ चे हिवाळे फार कडक गेले आणि मठाचे बरेच कुत्रे हिमप्रपातांत मेले. उरलेल्यांची वीण सुधारायला पुढे न्यूफाउंडलंडचं रक्त मिसळलं. त्यातून लांब केसांची पिल्लं निघाली, केसांत बर्फाचे गोळे अडकू लागले, आणि खिंडीच्या कामाला ती निरुपयोगी ठरली. खाली मैदानातल्या हौशी लोकांना मात्र तीच आवडली. १८८७ मध्ये जातीचं प्रमाण आंतरराष्ट्रीय पातळीवर ठरलं आणि पुढे प्रदर्शनांच्या आवडीने कुत्रा आणखी मोठा, जड, केसाळ होत गेला. १९६४ मध्ये खिंडीखालून बोगदा झाला, हिवाळ्यात पायी जाणारे उरले नाहीत. आज बर्फात माणूस गाडला गेला तर कुत्रा हेलिकॉप्टरने नेतात, आणि हेलिकॉप्टरमध्ये ८० किलोंचा कुत्रा कोणालाच नको असतो. मठाच्या कुत्र्यांची पैदास २००५ पासून मार्टिनीची बॅरी फाउंडेशन सांभाळते. उन्हाळ्यात ते खिंडीत असतात, पण पर्यटकांना भेटायला.

गळ्यातल्या ब्रँडीच्या पिंपाचंही सांगून टाकतो, कारण पिल्लू विकणारे हमखास तो फोटो दाखवतात. ते पिंप लोकप्रिय झालं एडविन लँडसियर या इंग्रज चित्रकाराच्या १८२० च्या चित्रामुळे. तेव्हा तो विशीतही नव्हता. शिवाय गारठलेल्या माणसाला दारू पाजली तर कातडीजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि अंगातली उरलीसुरली ऊबही निघून जाते. ट्रेकला सोबत 'थंडीसाठी' बाटली नेणाऱ्यांनीही हे वाचावं.

ठाण्याच्या मे महिन्यात या कुत्र्याचं काय होतं ते मी पाहतो. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही; तो धापा टाकून अंग थंड ठेवतो, आणि आपल्याकडच्या दमट हवेत तो मार्ग अर्धा बंद असतो. जाड केस, अवजड शरीर आणि चढ हे एकत्र आले की उष्माघाताला वेळ लागत नाही. दिवसभर एसीत ठेवलेला कुत्रा माहुलीच्या चढावर कामाला कसा येणार? आणि जो कुत्रा धापा टाकतोय, तो तोंडाने श्वास घेतोय. त्याचं नाक त्या वेळी कामावर नसतं.

आता आधुनिक शोधकुत्रा कुठून आला ते पाहू. पहिल्या महायुद्धात रणांगणावर जखमी शोधायला जर्मनांनी आणि इतरांनी कुत्रे वापरले. त्यातल्या एका पद्धतीत कुत्र्याच्या पट्ट्याला लाकडाचा छोटा दांडका लटकवलेला असे. जखमी सापडला की तो दांडका तोंडात धरून कुत्रा हँडलरकडे परत यायचा आणि त्याला तिकडे न्यायचा. भुंकून शत्रूला जागं करायचं नव्हतं, म्हणून ही युक्ती. युरोपातले काही शोधकुत्रे आजही असंच सांगतात. म्हणजे नुसतं सापडून भागत नाही, सापडल्याचं हँडलरला कसं कळवायचं हे कुत्र्याला आधीच शिकवावं लागतं, हे तेव्हाच लोकांना कळलं होतं.

हिमप्रपाताच्या कामाला वळण मिळालं १९३७-३८ च्या हिवाळ्यात. स्वित्झर्लंडमध्ये बचाव पथकासोबत आलेला मोरित्झली नावाचा छोटा कुत्रा, कसलंही शिक्षण नसताना, बर्फात गाडलेल्या माणसाच्या जागेवर घुटमळत राहिला. ते ऐकून फर्डिनंड श्मुत्झ या श्वानशिक्षकाने ठरवलं की जे योगायोगाने झालं ते शिकवून करून घेता येईल. १९४० मध्ये त्याने स्विस सैन्यासाठी पहिले हिमप्रपात-कुत्रे तयार केले. पुढे मोजमापं झाली: एक शिकलेला कुत्रा एक हेक्टर बर्फ साधारण अर्ध्या तासात वरवर तपासतो, सळया खुपसत जाणाऱ्या वीस माणसांना त्याला चारेक तास लागतात. बर्फाखाली पंधरा मिनिटांत काढलेल्यांतले दहापैकी नऊ वाचतात, पस्तीस मिनिटांनी जेमतेम तीन. तिथे कुत्र्याची किंमत मिनिटांत मोजतात.

त्याच सुमारास लंडनवर बॉम्ब पडत होते. १९४० मध्ये पॉपलर भागात बॉम्बहल्ल्यानंतर सापडलेलं एक भटकं, संकरित कुत्रं तिथल्या हवाई-हल्ला वॉर्डनने पाळलं, नाव रिप. कोणी न शिकवता ते ढिगाऱ्यांतून माणसं हुंगू लागलं. शंभरहून अधिक माणसं सापडली आणि १९४५ मध्ये त्याला डिकिन पदक मिळालं, प्राण्यांचं व्हिक्टोरिया क्रॉस म्हणतात ते. ब्रिटनने पुढे ढिगाऱ्यासाठी कुत्रे पद्धतशीर शिकवले त्यामागे या रिपची कामगिरीही होती. जातिवंत कुत्राच लागतो म्हणणाऱ्यांना मी रिपबद्दल सांगतो.

आपल्या सह्याद्रीला सगळ्यात जवळचं उदाहरण मात्र आल्प्सचं नाही, स्कॉटलंडचं आहे. तिथले डोंगर उंचीला कळसूबाईच्याही खाली, पण धुकं, पाऊस, वारा आणि वाट चुकलेले भटके भरपूर. गिर्यारोहक हॅमिश मॅकइनिस यांनी स्विस लोकांचं हिमप्रपात-कुत्र्यांचं शिक्षण पाहिलं आणि १९६५ मध्ये ग्लेनको इथे शोधकुत्र्यांची संघटना सुरू केली. त्यांनी पद्धत जशीच्या तशी उचलली नाही. बर्फात गाडलेला माणूस एका पट्ट्यात असतो. धुक्यात हरवलेला अख्ख्या डोंगरावर कुठेही असू शकतो. म्हणून विशिष्ट माणसाच्या पावलांचा माग काढण्याऐवजी, हवेतून येणारा कुठल्याही माणसाचा वास पकडून उगमाकडे जायला कुत्र्याला शिकवलं. धनगरी कामाचे बॉर्डर कोली तिथे जास्त दिसतात, कारण ते हलके, चिवट आणि हँडलरपासून दूर राहूनही त्याच्याशी धागा न तोडणारे. तिथेही काम आधी ठरलं आणि कुत्रा नंतर निवडला.

आता आपल्या डोंगरांकडे येतो. हवेतला वास चालतो कसा हे कळलं नाही तर सगळं शिक्षण वाया जातं. माणसाच्या अंगावरून कातडीचे सूक्ष्म कण सतत गळत असतात. ते वाऱ्याबरोबर, अगरबत्तीच्या धुरासारखे, उगमापाशी अरुंद आणि पुढे पसरत जातात. कुत्रा त्या पट्ट्यात आडवा शिरला की डोकं झटक्याने वळवतो, मग नागमोडी जात उगमापर्यंत पोचतो. म्हणून हँडलरने वाऱ्याला आडवं चालायचं. खिशात टाल्कम पावडरची छोटी बाटली ठेवा, दाबली की वारा दिसतो. दिवसा ऊन तापलं की दरीतली हवा वर चढते, रात्री थंड हवा खाली उतरते. त्यामुळे सकाळी माथ्यावरून आणि रात्री दरीच्या तोंडाशी शोधायला सुरुवात केली तर नाकाला मदत होते. भर दुपारी सपाट कातळावर वास वर उडून जातो, बेसॉल्ट तापून पंजे पोळतात, कुत्रा धापा टाकतो. तेव्हा त्याला सावलीत बसवलेलं बरं. रिमझिम पाऊस वासाला पोषक, धो-धो पाऊस मारक.

कड्यांचं प्रकरण वेगळं. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर खाली टाकलेली हलकी वस्तू वर परत येते हे तुम्ही पाहिलं असेल. कड्याखाली पडलेल्या माणसाचा वासही तसाच वर येतो. उत्तम कुत्रा त्या वासामागे थेट कड्याच्या धारेवर जातो आणि पुढे जायला ओढ घेतो. त्याचं बरोबर असतं, पण पुढे जमीन नसते. सह्याद्रीत काम करणाऱ्या कुत्र्याला 'थांब' हा शब्द वासाच्या नशेतही ऐकू यायला हवा, आणि धारेजवळ लांब दोर हवाच.

मग इतके दिवस आपल्याकडे हे का रुजलं नाही? लोक म्हणतात अनास्था. थोडी असेल. पण मला मोठं कारण वेगळं दिसतं. आपल्याकडच्या बहुतेक डोंगर-अपघातांत माणूस कुठे आहे हे माहीत असतं. कोणी कड्यावरून घसरलं, कोणी कलावंतिणीच्या पायऱ्यांवर भीतीने गोठून बसलं, खारघरच्या डोंगरात ओढा वाढून पोरं पलीकडे अडकली. तिथे शोधायचं काही नसतं. दोर, स्ट्रेचर आणि तंत्र लागतं, आणि ते खोपोली, लोणावळा, महाड, पनवेलकडच्या गिर्यारोहकांच्या बचाव गटांकडे आहे. वाट चुकलेल्यांकडे मोबाईल असतो, रेंज मिळाली की जागा कळते. नाहीच मिळाली तर पायथ्याच्या वाडीतले ठाकर, कातकरी, महादेव कोळी त्या रानाची प्रत्येक पायवाट जाणतात. त्यांच्याआधी पोचेल असा शहरी कुत्रा मी तरी पाहिलेला नाही.

उरतात त्या जागा जिथे डोळा चालत नाही. प्रबळगडाच्या माथ्यावरचं दाट जंगल, माहुलीची कारवी, जिथे दहा फुटांवरचा बेशुद्ध माणूस दिसत नाही आणि हाकेला ओ देत नाही. तिथे चांगला कुत्रा खरंच वेळ वाचवेल.

दुसरी जागा म्हणजे दरडी आणि इमारती. माळीण (३० जुलै २०१४), तळीये (२२ जुलै २०२१), इर्शाळवाडी (१९ जुलै २०२३) या दरडी, आणि आपल्याच जिल्ह्यात शिळफाट्याची २०१३ ची व भिवंडीची २०२० ची इमारत दुर्घटना. अशा ठिकाणी कुत्रे येतात ते एनडीआरएफचे. त्यांची पाचवी बटालियन तळेगावजवळ सुदुंबऱ्याला आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये तुर्कस्तानच्या भूकंपात सहा वर्षांची मुलगी जिवंत सापडली ती एनडीआरएफच्या ज्युली आणि रोमिओमुळे. एकीने सांगितलं, दुसऱ्याने येऊन दुजोरा दिला. एका कुत्र्याच्या शब्दावर ढिगारा उकरत नाहीत, हा नियम तुम्हीही लक्षात ठेवा.

पण कोसळलेली इमारत आणि ओली दरड यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. काँक्रीटच्या ढिगाऱ्यात पोकळ्या असतात, हवा खेळते, वास बाहेर येतो, आत माणूस जगूही शकतो. सह्याद्रीची दरड म्हणजे लाल चिखल आणि दगड. चिखल वास कोंडतो. सळईने भोकं पाडून, थोडा वेळ थांबून मग कुत्रा फिरवावा लागतो. इर्शाळवाडीत चढण पायी, वर यंत्रं नेता येत नव्हती, पाऊस थांबत नव्हता. नवी मुंबई अग्निशमन दलाचा एक अधिकारी चढतानाच हृदयविकाराने गेला. २७ मृतदेह मिळाले, ५७ जण बेपत्ता राहिले आणि २३ जुलैला शोध थांबवला गेला. अशा जागी बहुतेक वेळा मृतदेह शोधणारा कुत्रा लागतो, आणि ते शिक्षण वेगळं असतं. केरळ पोलिसांच्या माया आणि मर्फी यांनी २०२४ मध्ये वायनाडच्या दरडीत तेच काम केलं. जिवंत माणूस शोधणाऱ्या कुत्र्याला घाईघाईने दोन्ही शिकवायला गेलात तर तो काय सांगतोय हेच तुम्हाला कळणार नाही.

म्हणून कळकळीने सांगतो: अशा ठिकाणी स्वतःहून कुत्रा घेऊन जाऊ नका. प्रशासनाने किंवा मान्य गटाने बोलावल्याशिवाय आलेला हौशी कुत्रा ढिगाऱ्यावर आपला वास सोडतो, कामावरच्या कुत्र्याचं लक्ष उडवतो आणि नातेवाइकांना खोटी आशा लावतो.

तुमच्या घराबद्दल मला काही माहीत नाही, आणि पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. आठवड्यातून दोन-तीन दिवस, दीड-दोन वर्षं, न चुकता वेळ देता येणार असेल तरच या वाटेला जा. घरात कुत्र्यावर दोघांचे दोन हुकूम चालत असतील तर आधी ते मिटवा. येऊर तुम्हाला जवळ आहे, पण तो राष्ट्रीय उद्यानाचा भाग; तिथे किंवा कर्नाळ्यात पाळीव कुत्रा न्यायला बंदी आहे, आणि बिबट्याला कुत्रा हे भक्ष्य आहे. हद्दीबाहेरही संध्याकाळनंतर डोंगरात कुत्रा मोकळा सोडू नका. गोचीडताप आणि लेप्टो हे आपल्या पावसाळ्यातले खरे शत्रू. लेप्टोची लस वेळच्या वेळी, गोचिडींचं औषध वर्षभर. फुरसं आणि घोणस डोंगरात आहेतच. सर्वांत जवळ सर्पविषावरचं औषध कुठल्या पशुवैद्याकडे मिळतं ते आधी विचारून ठेवा.

जातीचं म्हणाल तर हडकुळा, कामाच्या वंशातला लॅब्राडोर सर्वांत सोपा. प्रदर्शनातला गोलमटोल नको. मॅलिन्वा पहिल्या कुत्र्याला घेऊ नका, तो तुम्हालाच शिकवेल. मुधोळ आणि कारवान सुंदर, पण ते डोळ्याने शिकार करणारे. हलतं काही दिसलं की नाक बंद. आणि गावठी पिल्लू जरूर पाहा. आपली हवा त्याला सोसते, अंग हलकं असतं. २०२० मध्ये केरळच्या पेट्टीमुडी दरडीत घरातल्या लहान मुलीचा मृतदेह शोधून काढणारी कुवी कुठे शिकलेली नव्हती. पुढे केरळ पोलिसांनी तिला आपल्याकडे घेतलं. अडचण एवढीच की गावठी पिल्लांत स्वभावाचा अंदाज बांधणं अवघड. माझी कसोटी साधी: आवडता चेंडू गवतात फेका. पिल्लू बराच वेळ शोधत राहिलं, मधे तुमच्याकडे मदतीला पाहिलं आणि पुन्हा शोधायला लागलं, तर ते घ्या. दोन हुंग्यांत कंटाळलं तर ते घरासाठी उत्तम.

शिकवणीची सुरुवात अशी करा. मोकळं मैदान, सकाळची वेळ, वारा समोरून. घरातलं कोणी चेंडू दाखवत पळत जाऊन झुडपामागे लपेल. पिल्लू सोडा, त्याने गाठलं की तिथेच खेळ. हळूहळू अनोळखी माणसं लपवा, पळणं बंद करा, अंतर वाढवा. भुंकून सांगणं त्यानंतर.

आणि हे सगळं पिल्लाआधीही सुरू करता येतं. स्कॉटलंडच्या त्या गटांत नवा माणूस आधी कुत्र्यांसाठी 'हरवलेला' बनून डोंगरात लपायला जातो. वारा, वास आणि चांगला कुत्रा कसा चालतो हे त्याला तिथेच कळतं. आमच्याकडेही तीच सोय आहे. कारवीत दोन तास निपचित पडून राहायला माणसं कायम कमी पडतात. येताना पूर्ण बाह्यांचा शर्ट, डासांचं मलम आणि वाचायला काहीतरी आणा.